टेरेसवरचं थोटूक : सोसायटी ग्रुप (फक्त कामाचे मेसेज)

शनिवार

लेले काकू (ए-४०२), सकाळी ७:५२
[फोटो]
ज्याने हे केलंय त्याने स्वतःहून पुढे यावं.

लेले काकू: फोटो मोठा करून बघा. तिसरी ओळ, डावीकडची कुर्डई. बरोबर वेटोळ्याच्या मधोमध सिगारेटचं थोटूक विझवलंय. भोवती काळा डाग. साडीलाही भोक.

कदम (ए-३०३): काकू, ही स्मोक्ड कुर्डई. मॉलमध्ये दुप्पट भावाने जाईल 😄

लेले काकू: कदम, तीन दिवस गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, पहाटे चारला उठून चीक शिजवला. सोऱ्या फिरवून अजून मनगट दुखतंय. विनोद दुसऱ्या ग्रुपवर करा.

कदम: सॉरी काकू 🙏

नेने काका (ए-१०१): टेरेसच्या दाराला कुलूप लावा. हे मी २०१९ पासून सांगतोय.

सावंत (सचिव): नमस्कार. झालेला प्रकार निंदनीय आहे. सोसायटीच्या संपूर्ण आवारात धूम्रपानास मनाई आहे. गेटपाशी व लिफ्टपाशी बोर्ड आहेत. यापुढे ५०० रु. दंड आकारण्यात येईल. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.

मंदार (बी-६०३): सावंत काका, संपूर्ण आवारात हे कधी ठरलं? कुठल्या सभेत?

सावंत (सचिव): मागच्या एजीएममध्ये. आपण उपस्थित नव्हता.

मंदार: होतो. जनरेटरवरून भांडण झालं आणि सामोसे आल्यावर सगळे उठले. सिगारेटचा स सुद्धा निघाला नाही. आयत्या वेळच्या विषयांतही नाही.

प्रिया (बी-७०३): मंदार, आधी थोटूक कोणाचं ते तर कळू दे.

मंदार: माझं नाही. मी ओढतो ते चोरून नाही, म्हणून सोसायटीतलं प्रत्येक थोटूक माझ्या नावावर? निदान सात जण ओढतात इथे. नावं घेऊ?

कदम: [हा मेसेज हटवला आहे]

मंदार: कदम साहेब, वाचलं मी 😄

ॲड. पाटील मॅडम (बी-३०१): सुप्रभात. दंडाची भाषा करण्याआधी कायदा बघू या. मूळ तंबाखूविरोधी कायदा २००३ चा, सार्वजनिक ठिकाणांचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून. दवाखाना, कोर्ट, शाळा, थिएटर, मॉल, स्टेशन, बसस्टॉप, कामाची जागा, हे सगळं त्यात आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. ५०० चा आकडा कुठून आला ते सचिवांनी सांगावं. शिवाय मूळ कायद्यातल्या सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे, त्यामुळे उघड्या टेरेससाठी पोलिसांना फोन करून उपयोग नाही.

मंदार: थँक यू मॅडम! हेच मी कधीपासून सांगतोय.

ॲड. पाटील मॅडम: मंदार, अर्धं वाचून थांबू नकोस. शेजाऱ्याला उपद्रव होईल असं वागायचं नाही हे आपल्या उपविधीत आहे. सभेने रीतसर ठराव केला तर सामाईक जागेत बंदी घालता येते. फक्त तो ठराव कागदावर हवा, सावंतांच्या डोक्यात असून चालणार नाही.

सावंत (सचिव): मॅडम, मी हे काम विनामोबदला करतो. कोणाला हौस असेल तर उद्या चार्ज घ्यावा.

नेने काका: टेरेसच्या दाराला कुलूप लावा.

शिरोडकर (ए-६०१): आमचा मुलगा तोक्योत आहे. तिथे चियोदा भागात २००२ पासून रस्त्यावर चालतानासुद्धा सिगारेट ओढता येत नाही. पण ओढायला ठरवून दिलेल्या जागा आहेत. माणसं तिथे जाऊन शांतपणे उभी राहतात. शिस्त बघा.

लेले काकू: शिरोडकर, तोक्योत टेरेसवर कुर्डया घालतात का? इथलं बोला.

मंदार: काकू, काकांचा मुद्दा खरा आहे. बंदी करा, पण जागा द्या. विमानतळावर ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवता येते. तीस खोल्यांच्या हॉटेलला ठेवता येते. तीस माणसं बसतील अशा रेस्टॉरंटलाही. मी चोरीचा माल नाही घेत, दुकानात मिळतो, सरकार त्यावर मजबूत कर घेतं आणि मग म्हणतं इथे नको, तिथे नको. ऑफिसात नाही, जिन्यात नाही. घरात आईला चालत नाही. खालची टपरी शाळेपासून शंभर यार्डांच्या आत म्हणून उठवली. बरोबरच केलं. पण मी जाऊ कुठे? पार्किंगमध्ये एक कोपरा आणि वाळूचा डबा, एवढंच मागतोय.

कदम: पार्किंगमध्ये कोपरा शिल्लक आहे का? माझ्या स्लॉटवर चार दिवस कोणाच्या तरी पाहुण्यांची पांढरी गाडी आहे.

देसाई (बी-१०४): ती आमच्या व्याह्यांची. काल सांगितलं होतं तुम्हाला.

कदम: काल एक दिवसासाठी म्हणाला होतात.

देसाई: काल हा एकच दिवस होता.

सावंत (सचिव): विषयाला धरून बोलावे.

जाधव वहिनी (ए-२०२): मंदार म्हणतो तो कोपरा आमच्या किचनच्या खिडकीखाली येतो. तिथेच गॅस पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आहे. छान. सगळ्यांनाच एकदम मोक्ष.

प्रिया: आता बोलतेच. मंदार, तुझ्या बाल्कनीच्या बरोबर वर आमच्या बेडरूमची खिडकी आहे. रात्री साडेअकराला तुझा कॉल संपतो आणि धूर वर येतो. मुलीला नेब्युलायझर लावून बसते तेव्हा मी खिडकी लावून घेते. मे महिन्यात. पंखा तोच गरम वारा फिरवतो आणि ती घामाने भिजून रडते. बाल्कनी तुझ्या मालकीची, कायदा तुझ्या बाजूने, सगळं मान्य.

मंदार: प्रिया, हे मला खरंच माहीत नव्हतं. सांगायचं ना.

प्रिया: सांगितलं होतं. गणपतीत, लिफ्टमध्ये. तू हसलास आणि म्हणालास, धुराला कुठे मजला कळतो.

मंदार: …

बापट काका (ए-५०१): सर्वांना नमस्कार. मी अठ्ठावीस वर्षं चारमिनार ओढली. ऑफिसात टेबलावर ॲशट्रे असायचा, फायलींच्या शेजारी. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना सातवा महिना होता. त्या खुर्ची खिडकीकडे वळवून बसायच्या, बोलायच्या नाहीत. मला वाटायचं त्यांना उजेड लागतो. लोकलच्या डब्यात तर मनाईच्या पाटीखाली उभं राहून ओढायचो. २००१ साली मुरली देवरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक ठिकाणी बंदी घातली तेव्हा मी घरात तासभर भाषण ठोकलं होतं, की हा आमच्यावर अन्याय आहे. मिसेस ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, झालं? आता गॅलरीत जा. नंतर अँजिओप्लास्टी झाली, तो वेगळा विषय.

लेले काकू: बापट, मिसेसना नमस्कार सांगा.

नेने काका: बापटांचं बरोबर आहे. टेरेसच्या दाराला कुलूप लावा.

मंदार: बापट काका, त्या बाई आज असत्या तर मी उठून बाहेर गेलो असतो. वाद माणसाच्या शेजारी ओढण्यावर नाहीच. रात्री बारा वाजता रिकाम्या टेरेसवर कोणाचं नुकसान होतं?

लेले काकू: माझ्या कुर्डईचं.

मंदार: …थोटकाचं मान्य, काकू. पण तो घाणीचा प्रश्न, धुराचा नाही.

लेले काकू: आणि भोक पडलेल्या साडीचा?

देसाई: मी एक विचारू? फेब्रुवारीत पंपरूमच्या मागे बिडी ओढली म्हणून रात्रपाळीच्या वॉचमनचे ५०० रुपये कापले. पावती नाही, ठराव नाही. मी तेव्हा खजिनदार होतो, मला महिन्याचा हिशेब लावताना कळलं. आणि त्याआधी ३१ डिसेंबरला टेरेसवर कमिटीतलेच दोघं सिगार ओढत होते. फोटो याच ग्रुपवर आहे, वर स्क्रोल करा.

सावंत (सचिव): तो खासगी कार्यक्रम होता.

कदम: आणि सिगार दुबईचा होता, आपल्या आवाराचा नियम त्याला लागू नाही 😂

सावंत (सचिव): वॉचमन ड्युटीवर होता. हा फरक लक्षात घ्यावा.

ॲड. पाटील मॅडम: तो मोकळ्यावर होता की आत, हा वाद होईल. पण दंड करायचाच तर तो अधिकार असलेल्या माणसाने, २०० पर्यंत, पावती देऊन. पगारातून ५०० कापणं हे कुठल्याच कायद्यात बसत नाही.

मंदार: म्हणजे या सोसायटीत आजवर एकच माणूस सापडला. ज्याला बाल्कनी नाही आणि ग्रुपवर नंबर नाही.

प्रिया: मंदार, वॉचमनचा कैवार घे, जरूर घे. पण त्याच्या आडून स्वतःची बाल्कनी सोडवून घेऊ नकोस.

मंदार: तसं नाही म्हणालो मी.

प्रिया: तसंच ऐकू आलं.

सावंत (सचिव): माहितीसाठी, बी-६०३ चा मार्चपासूनचा मेंटेनन्स बाकी आहे.

मंदार: हा ग्रुपवर टाकायचा विषय आहे??

सावंत (सचिव): वॉचमनच्या पगाराचा विषय चालतो तर पगार कशातून होतो हेही कळावे.

देसाई: सावंत, ५०० परत करणार का? एवढंच सांगा.

सावंत (सचिव): कमिटीपुढे ठेवू.

देसाई: म्हणजे नाही.

जाधव वहिनी: कबुतरांचंही कमिटीपुढे ठेवा. टेरेसवर दाणे टाकतं कोण, तेही सगळ्यांना माहीत आहे.

नेने काका: दाण्यांचा इथे संबंध नाही.

नेने काका: टेरेसच्या दाराला कुलूप लावा.

रविवार

नेने काका, सकाळी ९:०५: टेरेसच्या दाराला कुलूप लावले आहे. स्वखर्चाने, १८० रु. किल्ली माझ्याकडे. २०१९ पासून जे जमलं नाही ते एका सकाळी झालं.

शिरोडकर: अभिनंदन 👏

सावंत (सचिव): स्तुत्य उपक्रम.

मंदार: प्रिया, बाल्कनीत बंद. कालपासून. रात्री गेटबाहेर जाऊन आलो.

प्रिया: बघू किती दिवस.

प्रिया: थँक्स.

लेले काकू, दुपारी १:४०: नेने, किल्ली कुठे आहे? पश्चिमेला आभाळ काळं झालंय. सकाळी आठला परत साडी पसरून आले होते वर. दोन्ही घाण्यांच्या कुर्डया आहेत.

लेले काकू: नेने??

लेले काकू: अहो नेने, फोन उचला.

जाधव वहिनी: काका-काकू डोंबिवलीला मुंजीला गेलेत. सकाळी रिक्षात बसताना बघितलं.

नेने काका, १:५२: पंगतीत आहे. किल्ली खिशात आहे. काय झालं?

लेले काकू: तुमच्या खिशात असून काय उपयोग!

कदम: काका, मठ्ठा प्या निवांत. इथे थेंब सुरू झाले.

सावंत (सचिव): कुलूप तोडण्यासाठी कमिटीच्या किमान तिघांची संमती आवश्यक आहे. कृपया मत द्यावे.

मंदार: कुलूप तोडू नका. बी विंगच्या लिफ्ट मशीन रूमच्या मागे लोखंडी शिडी आहे. झडप बाहेरून नुसती लोटलेली असते. दोन मिनिटांत वर जाता येतं. मी निघालो, वॉचमनला पण हाक मारलीय.

लेले काकू: ती शिडी तुला कशी रे माहीत?

मंदार: काकू, पाऊस वाढतोय.

लेले काकू: साडीच्या चारही कोपऱ्यांना धरून उचला. दोघांनी मिळून. झटकू नका, तुकडे होतील. ते झालं की आधी खाली माझ्याकडे ये. बोलायचंय.