चर्चा : दर नगाला हायपॉट कशाला? मेगर पुरे

शिफ्ट_इंचार्ज
आमच्या लाइनवर 230 व्होल्टच्या मालाचा प्रत्येक नग 1500 व्होल्टवर हायपॉट होतो, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन टिकतं का ते बघतात. माझं स्पष्ट मत : हे बंद करा. 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर लावा, शंभर मेगाओहमच्या वर दाखवलं की नग पुढे. हायपॉटनं चांगलं इन्सुलेशन विनाकारण मरतं, वेळ जातो आणि पोरांना झटक्याची भीती. डिझाइन लॅबमध्ये एकदा पास झालंय ना? मग दर नगाचा छळ कशाला?

गुंडाळीवाला
हे वाचून राहवलं नाही. लॅबनं डिझाइन पास केलं, कबूल. पण शिफ्ट संपता संपता घाईत वायरच्या टोकाला दाबलेला लग (धातूचा जोड) लॅबनं पाहिलाय का?

आमच्याकडे एक मोटार हायपॉटला फेल गेली. मेगरवर पाचशे मेगाओहमच्या वर. कव्हर खोललं तर लगमधून तांब्याचा एकच तंतू बाहेर राहिलेला, केसासारखा. बॉडीपासून पाव मिलिमीटरसुद्धा लांब नव्हता. टोक काळं पडलेलं आणि समोरच्या पत्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढा डाग. मधे होती फक्त कोरडी हवा. ती हवा 500 व्होल्ट डीसीला आरामात पेलते. 1500 एसीचं शिखर जातं 2121 व्होल्टला, तिथे ठिणगी पडते. मेगर ओल पकडेल, कार्बन पकडेल, जळकं वार्निश पकडेल. असा तंतू नाही पकडणार.

आणि घरातल्या लायनीवर काय कायम 230 च असतात? प्लगवर चालणाऱ्या अशा उपकरणाला 2500 व्होल्टचा क्षणिक झटका सोसावा लागेल हे आयईसी 60664-1 या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डनं आधीच धरलंय. तुमचा मेगर त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

पीसीबी_वाला
गुंडाळीवाले, तुमचा तंतू खरा, पण हायपॉटला इतकं डोक्यावर घेऊ नका. सर्किट बोर्डवर 3 मिलिमीटर अंतर हवं तिथे चुकून 2 आलं तर तुमचे 1500 व्होल्ट गुपचूप पास देतात. हवेला मिलिमीटरमागे ढोबळ 3000 व्होल्ट लागतात. धूळ आणि दमट हवा दोन वर्षांनी काय करतील हे एका सेकंदाच्या टेस्टला कळत नाही.

त्यात एसी. लायनीतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरमध्ये 4.7 नॅनोफॅरडचे दोन वाय कपॅसिटर (लाइन आणि अर्थ यांच्या मधले) असले की 1500 व्होल्ट, 50 हर्ट्झला त्यांचाच करंट 4.4 मिलिॲम्प. ट्रिप 5 वर, त्यापुढे करंट गेला की टेस्टर नग फेल करतो. म्हणजे ट्रिपपर्यंत जागा उरली जेमतेम अर्धा मिलिॲम्प. डीसी करा म्हणून किती वर्षं ओरडतोय. 2121 व्होल्ट डीसी द्या, कपॅसिटर एकदा भरले की उरतो तो खरा लीकेज, इन्सुलेशनमधून गळणारा करंट.

गुंडाळीवाला
डीसी! वाइंडिंग चालणार एसीवर, ताण दोन्ही बाजूंनी पडणार, आणि टेस्ट एका बाजूनं? शिवाय भरलेला कपॅसिटर रिकामा व्हायच्या आत प्लग उपसला की पोराच्या हाताला झटका. बोर्डवाल्यांना सगळं जग आपल्या फिल्टरएवढंच वाटतं.

पीसीबी_वाला
टेस्टरमध्ये डिस्चार्ज असतो, तो होईपर्यंत थांबायला शिकवा. आणि जगाचं सोडा, वाय कपॅसिटर असलेल्या मालाबद्दल बोलतोय मी. नीट वाचा आधी.

क्यूए_ताई
दोघं एसी-डीसीवरून भांडताय आणि खरा गुन्हा बाजूलाच राहिला. एका कारखान्यात मी नवीन होते. फिल्टरवाला माल सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून कुणीतरी लिमिट 5 वरून 20 मिलिॲम्प करून ठेवलं होतं. कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. मग फिल्टर नसलेलं मॉडेलसुद्धा त्याच लिमिटवर जात राहिलं, आणि हिरवा दिवा बघून सगळे खूश.

त्याच टेस्टरची गोष्ट. प्रोबची वायर आवरणाच्या आत तुटली होती. सर्किटच पूर्ण नाही, मग फेल होणार कसं? तीन दिवस प्रत्येक नग पास. चौथ्या दिवशी मी फेल सॅम्पल लावला, बॉडीला मुद्दाम शॉर्ट केलेला, तोही पास! हात थरथरत होते माझे. गोदामातला सगळा माल परत काढून टेस्ट केला. त्यात दोन नग खरोखर फेल निघाले. लहान मुलं हात लावतील अशी वस्तू होती ती.

तेव्हापासून शिफ्ट सुरू होताना आधी फेल सॅम्पल, मग पहिला नग. उपकरणाचा स्विच चालूच हवा, नाहीतर टेस्ट होते ती स्विचपर्यंतच्या वायरची. आणि अर्थिंगची सलगता हायपॉटच्या आधी. प्रोब प्लगच्या अर्थ पिनवर लावलाय आणि आतली अर्थ वायर बॉडीला जोडलेलीच नाही, तर हायपॉटला बॉडी दिसतच नाही.

गुंडाळीवाला
ताई, यावर बोलायला तोंड नाही. आमच्याकडे फेल सॅम्पल आठवड्यातून एकदा लावतात. कमी आहे.

शिफ्ट_इंचार्ज
म्हणजे माझंच खरं ना? टेस्टरच खोटं बोलत असेल तर टेस्ट हवी कशाला?

क्यूए_ताई
नाही हो दादा! वजनकाटा बिघडला म्हणून कुणी अंदाजानं माल देतं का? काटा दुरुस्त करा.

बाकी तुमच्या एका तक्रारीत दम आहे. दुप्पट व्होल्टेज अधिक हजार या हिशोबानं 1460, त्याचे 1500 सरसकट सगळीकडे लावतात. घरगुती उपकरणांच्या आयईसी 60335-1 च्या परिशिष्टात उत्पादनातल्या टेस्टला वर्ग 1 साठी, म्हणजे अर्थिंगवाल्या मालासाठी, 1000 व्होल्ट, तेही एक सेकंद. तुमचा माल कुठल्या स्टँडर्डचा ते आधी बघा.

गुंडाळीवाला
आणि इन्सुलेशन मरतं म्हणता, ते एका सेकंदानं नाही. रीवर्कच्या (दुरुस्तीच्या) नावाखाली एकच नग चार चार वेळा पूर्ण व्होल्टेजवर चढवला की मग मात्र त्रास होतो. मोटारींच्या आयईसी 60034-1 मध्ये दुसऱ्यांदा करायचीच झाली तर 80 टक्क्यांवर करा म्हटलंय. तेवढं तुमचं मान्य. डीसीचं अजूनही अमान्य.

पीसीबी_वाला
अमान्य राहू द्या. वाइंडिंगला एसी लावा, मी आड येत नाही. फिल्टरच्या मालाला तरी डीसी करू द्या.

शिफ्ट_इंचार्ज
मेगरचं म्हणणं मागे घेतो, पण रीवर्कचं सोडत नाही. आत्ता लाइनवर जाऊन टेस्टर बघून आलो. ट्रिप 15 वर आहे, कुणी आणि कधी केलं ते कुणालाच सांगता येत नाही. ताई, फेल सॅम्पल नेमका कसा बनवायचा? थेट शॉर्ट, की मधे रेझिस्टर?

क्यूए_ताई
रेझिस्टर, लिमिटच्या जरासा वर करंट जाईल असा. 1500 व्होल्टला आणि 5 मिलिॲम्पच्या ट्रिपला 270 किलोओहम घ्या, साडेपाचच्या आसपास जाईल. थेट शॉर्टवर 20 चं लिमिटसुद्धा ट्रिप होतं, मग लिमिट वाढवलेलं कळत नाही. रेझिस्टर उच्च व्होल्टेजचाच घ्या. आणि आधी तो ट्रिप 15 वरून खाली आणा.