शब्दचर्चा : ‘लॉ’ म्हणजे नियम की कायदा?

धुळ्याहून प्रश्न

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मी कायद्याची तोंडओळख शिकवतो. मुलं साक्री, शिरपूर, शहादा भागातली. फळ्यावर ‘ओहमचा नियम’ आणि ‘कारखाने अधिनियम, १९४८’ असं लिहून विचारलं, की यातला कायदा कुठला? बऱ्याच जणांचं उत्तर आलं, ‘दोन्ही, सर. लॉच ना!’ कायदा, नियम, अधिनियम, विधी हे शब्द कसे वेगळे करून सांगावेत? व्याख्या पाठ करून घ्यायच्या नाहीत, या शब्दांमागचं काम मुलांना कळायला हवं.

जळगावहून (वकिली करते)

सर, एकच प्रश्न विचारा : मोडला तर काय होतं?

ओहमचा नियम कुणाला मोडताच येत नाही. आकडा जुळला नाही तर आपण जोडणी तपासतो, मीटर तपासतो. कारखाने अधिनियमाचं कलम २१ मात्र सांगायचं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी नवी संहिता आली आहे), की यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना पक्कं संरक्षक आवरण हवं. ती जाळी काढूनही यंत्र चालतं. पट्टा फिरतो, माल निघतो, उलट सफाईला सोपं जातं. जे सहज करता येतं पण करू द्यायचं नाही, तिथेच कायद्याची गरज पडते. तो मोडला तर जाब विचारणारा कुणीतरी असतो, निरीक्षक किंवा न्यायालय. कायद्याची पहिली विचारणाही यंत्रावरच्या कामगाराला होत नाही, ती भोगवटादार (कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तो) आणि व्यवस्थापकाला होते. मुलं उद्या त्याच खुर्चीत बसणार आहेत, म्हणून हे वर्गात ठासून सांगा.

आता शब्द. ‘कायदा’ हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द. संसदेने किंवा विधिमंडळाने विधेयक संमत केलं आणि त्याला मंजुरी मिळाली, की त्याचा अधिनियम होतो. त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार करतं ते नियम, आणि प्राधिकरण किंवा आयोग करतो ते विनियम. विजेचंच घ्या. विद्युत अधिनियम २००३ चा. वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केंद्र सरकारने २०२० मध्ये केले. सुरक्षिततेचे विनियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे, २०२३ चे. नियम-विनियमांना अधिनियमाच्या बाहेर जाता येत नाही.

‘विधी’ म्हणजेही कायदाच, पण तो शब्द वर्गात टाळलेला बरा. सरकारी पाटीवर तो शोभतो, पण घराघरांत विधी म्हटलं की भटजी आठवतात.

भुसावळहून

ताईंनी छान सांगितलं. पण आमच्या बांधकामाच्या साइटवर खरा घोळ ‘कोड’ या शब्दाचा असतो. नवीन पोरगा येतो आणि म्हणतो, ‘कोडमध्ये आहे, म्हणजे कायदाच.’ कोड म्हणजे मानक. काँक्रीटचं मानक आयएस ४५६ घ्या, २००० सालची आवृत्ती. सौम्य हवामानात सळईवर २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, मध्यम असेल तर ३०. हे तज्ज्ञांनी ठरवलेलं मानक आहे, अधिनियम नव्हे. पण निविदेत ‘काम आयएस ४५६ प्रमाणे’ असं लिहून ठेकेदाराने सही केली, की तेच कव्हर त्याच्यावर बंधनकारक होतं. बंधन सहीतून आलं.

सिमेंटच्या गोणीची गोष्ट वेगळी. तिच्यावर आयएसआय चिन्ह असलंच पाहिजे, कारण केंद्र सरकारचा २००३ चा गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे. तिथे दोघांनी ‘आपल्याला चालेल’ म्हणून भागत नाही. दोन्ही मानकंच, पण एकाच्या मागे करार उभा आहे आणि दुसऱ्याच्या मागे सरकार. स्लॅब भरण्याआधी कव्हर ब्लॉक मोजणाऱ्या पोराला हे ठाऊक असलं, तर तो ठेकेदाराशी ठाम बोलू शकतो.

साक्रीहून

आमच्याकडे घरात वाद झाला की म्हणतात, ‘माले कायदा शिकाडू नको.’ जणू कायदा म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट. मला हे पटत नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत बघा. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. कुणाचं पाणी कधी हे गावाने ठरवलेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं. पाटकऱ्याला डावलून कुणी पाट फोडला तर गाव जाब विचारायचं. अधिनियम नव्हता, पण कायदा होता. मग याला काय म्हणायचं, रूढी?

जळगावहून

हो, रूढी. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ शब्दात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना यांच्याबरोबर कायद्याचं बळ असलेली रूढी आणि परिपाठही धरले आहेत. अर्थात प्रत्येक रूढीला ते बळ मिळत नाही, आणि मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी तर टिकतच नाही. शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटायचं, या कल्पनेला राज्याने २००५ मध्ये अधिनियमाचं रूप दिलं, त्यातून पाणीवापर संस्थांना कायद्याचा आधार मिळाला. सर, तुमच्या वर्गातल्या साक्रीच्या मुलांना घरून फडाची माहिती आणायला सांगा. अशी उदाहरणं पुस्तकात मिळत नाहीत.

धुळ्याहून

आणणारच! आणखी एक अडचण आहे. मराठी अधिनियम वाचताना मुलं ‘करील’, ‘असेल’ याला भविष्यकाळ समजतात. ‘निरीक्षक तपासणी करील’ म्हणजे कधीतरी करेल, असं.

जळगावहून

हे फार महत्त्वाचं आहे. कायद्याच्या मराठीत ‘करील’ म्हणजे करायलाच हवं. ‘करता येईल’ म्हणजे अधिकार आहे, वापरायचा की नाही ते प्रसंग पाहून. संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये राज्य (म्हणजे शासन) कायद्यापुढची समानता ‘नाकारणार नाही’ असं आहे. तो राज्याला दिलेला हुकूम आहे, भाकीत नव्हे. कुठलंही कलम घ्या आणि क्रियापदाखाली रेघ मारायला लावा. कर्तव्य कुणाचं आणि मुभा कुणाला, हे तिथेच कळतं. निम्मा अभ्यासक्रम त्यात होईल.

भुसावळहून

जाता जाता ‘दंड’ही घ्या. काम लांबलं की सगळे म्हणतात, ठेकेदाराला दंड लागला. हा शब्द बरोबर का?

जळगावहून

आप्पा, बोलण्यात चालतो, कागदावर जपून. गुन्ह्याबद्दल न्यायालय करतं तो दंड, आणि तो सरकारजमा होतो. करारभंगाबद्दल मिळते ती नुकसानभरपाई. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे करारात मोठा आकडा टाकला म्हणून तो आपोआप पदरात पडत नाही. तुमच्या साइटवरच्या पत्रात ‘विलंबाबद्दलची भरपाई’ असं लिहा.