गाणं आवडलं तर फाइल पाठवायची की पत्ता?

पाटोची श्रोती

गेल्या महिन्यात पणजीतल्या एका छोट्या कॅफेच्या मागच्या अंगणात डिचोलीच्या एका मुलीचं गाणं ऐकलं. (इथे तिचं नाव लिहायची परवानगी घेतलेली नाही. हवं असेल त्यांनी निरोप टाका, तिला विचारून कळवते.) आम्ही २२ माणसं होतो. तिच्या खांद्याला गिटार, पायाशी लूप पेडल, शेजारी घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं ताणलेलं आपलं वाद्य. आधी घुमटावर ठेका धरायची, पायाने पेडल दाबायची आणि तो ठेका आपोआप फिरत राहिला की त्यावर ओवीच्या वळणाचं स्वतःचं गाणं. तिसऱ्या गाण्याला पाऊस आला. वायरी गुंडाळून आत न्याव्या लागल्या. तर ही बाय छपराखाली येऊन माइकशिवाय तशीच गायली. मागच्या रांगेपर्यंत एकेक शब्द पोचला.

संपल्यावर टेबलावर बुटांचं एक खोकं होतं. त्यात ३० कार्डं, प्रत्येकावर शाईने लिहिलेला डाउनलोड कोड आणि कोपऱ्यात भिरंडाच्या (कोकमाच्या) रसाने काढलेलं पान. किंमत १५० रुपये. चार गेली, त्यातली दोन मी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तिसरं गाणं माझ्या तीन ग्रुपवर! कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. खाली अंगठे, 'भारी', 'कोण ही?'. या 'कोण ही'चं उत्तर तिन्ही ठिकाणी कुणाकडे नव्हतं. फाइल माझ्या फोनात उतरली तेव्हा तिच्या नावात होती फक्त तारीख आणि 'डब्ल्यूए ०००७'. जी मुलगी पावसात उभी राहून गायली तिचं नाव पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडलं. मला रात्री झोप लागली नाही.

मी सहा वर्षं दर रविवारी ओळखीच्या चाळीसेक जणांना एक गाणं पाठवते. कुठल्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय स्वतः संगीत करणाऱ्यांचंच. माझा नियम एवढाच: फाइल कधी पाठवायची नाही. कलाकाराच्या स्वतःच्या इंटरनेटवरच्या पानाचा पत्ता पाठवायचा, नाव लिहायचं, कुठल्या क्षणी गाणं अंगावर आलं ते दोन-तीन ओळींत सांगायचं. आणि स्वतः विकत घेतल्याशिवाय दुसऱ्याला सुचवायचं नाही. बँडकॅम्प या अमेरिकेतल्या ऑनलाइन संगीत-दुकानासारख्या ठिकाणी डिजिटल विक्रीतले १५ टक्के कंपनी ठेवते, कॅसेट-टीशर्टांवर १० टक्के. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तर आपला वाटा सोडूनही देते. म्हणजे आपण दिलेल्या पैशांतला मोठा हिस्सा खरोखरच त्या माणसाकडे जातो. मग फुकट फाइल फिरवायचं कारण काय उरतं?

सत्तरीकर

ताई, तुमची तळमळ पोचली. पण नियम पणजीत बसून केलेला आहे.

आमच्या गावात घराच्या मागच्या फणसाखाली उभं राहिलं तर रेंज मिळते. पावसाळ्यात तीही नाही. पत्ता पाठवलात तर तो पत्ताच राहतो, गाणं ऐकू येत नाही. माझा भाचा अकरावीत आहे. त्याच्याकडे परदेशी व्यवहाराचं कार्ड कुठून येणार? आणि पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलेलं आहे. म्हणजे वाळपईच्या पोराला डिचोलीच्या मुलीचं गाणं अमेरिकेच्या दुकानातून विकत घ्यायचं तर वाटेत इतके अडथळे. त्याने काय करायचं, ऐकायचंच नाही?

आता जुनी गोष्ट सांगतो. १९८४ साली गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी, वाद्यं स्वतःच वाजवून, पहिला अल्बम रेकॉर्ड केला. मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता पिवळ्या स्कूटरवरून कॅसेटी घेऊन ते दुकानोदुकानी फिरले. आज ज्याला इंडी म्हणतात ते गोव्यात चाळीस वर्षांपूर्वी स्कूटरवर होतं. आमच्या घरी ती कॅसेट आली ती माझ्या मामाने फोंड्याच्या मित्राकडून भरून आणलेली. कोऱ्या कॅसेटच्या पट्टीवर मामाने निळ्या बॉलपेनने 'रेमो' लिहिलं होतं, शेजारी दोन रेघा मारल्या होत्या. विकत घेतली नव्हती, खरं आहे. पण पुढे मामाने मिळतील तेवढे त्यांचे कार्यक्रम तिकीट काढून पाहिले. आधी गाणं घरात आलं, मग खिशातून पैसे निघाले. तुम्ही उलटा क्रम लावताय.

मडगावचा बेसवाला

मी वाजवणारा आहे म्हणून सरळ हिशोब मांडतो.

आमचा पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, करायला ११ महिने आणि ६२ हजार रुपये गेले. स्टुडिओ, मिक्सिंग, मास्टरिंग, चित्र. पैसे कुठून आले? लग्नं आणि हॉटेलं. तिथे आठवड्यातून चार रात्री दुसऱ्यांचीच गाणी वाजवायची. एका हॉटेलात आम्ही एकदा मध्येच स्वतःचं एक गाणं घेतलं. व्यवस्थापक स्टेजजवळ येऊन म्हणाला, "हे काय? लोक ओळखतात ते वाजवा." गोव्यात वाजवणाऱ्याला काम मिळतं, कमी नाही मिळत. स्वतःचं वाजवायला जागा मिळत नाही. एवढं समजून घ्या, म्हणजे २२ माणसांच्या अंगणाचं मोल कळेल.

आता स्ट्रीमिंग. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याच्या रेकॉर्डिंगचा एक पैसाही मिळत नाही. आमच्या पाचांपैकी दोन गाणी ही रेघ ओलांडतात, तीन नाही. फॉरवर्ड केलेली फाइल हजार जणांनी ऐकली तरी त्या मोजणीत ती शून्य. सत्तरीकर भाऊ, तुमच्या मामांच्या कॅसेटवर निदान 'रेमो' लिहिलेलं होतं. डब्ल्यूए ०००७ वर काय लिहिलंय? त्या पोरीचं तिकीट तुमचा भाचा कुणाच्या नावाने काढणार?

म्हापशेकर

तुम्ही दोघं फाइल की पत्ता यावर भांडताय. मला तर वाटतं, काही गोष्टी पाठवूच नयेत.

आमच्याकडे एका मित्राच्या जुन्या घराच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन वर्षं दर पौर्णिमेच्या आसपास बैठक व्हायची. वीस-पंचवीस माणसं, सतरंज्या, सोलकढी, शेजारच्या वहिनींचे पातोळे. वाजवणारा समोर तीन हातांवर. बंगालच्या बाउल लोकगायकांसारखं गाणारा एक मुलगा आला होता, एक मुलगी फक्त चेलो वाजवायची. मग एकाने रील टाकला, अगदी प्रेमाने टाकला. पुढच्या वेळी फाटकाबाहेर दीडशे माणसं, गाड्या वाटेत आडव्या, निम्म्यांना गाण्याशी देणंघेणं नाही, फोटो पाहिजे होता. शेजारच्या आजोबांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला. त्यानंतर मित्राने बैठक बंद केली, ती बंदच आहे. त्याचा निर्णय बरोबर होता.

शेअर करणं हे नेहमी भलंच असतं असं धरून चालू नका. काही संगीत वीस माणसांपुरतंच असतं. त्याला तसं राहू द्यावं.

केरीची लेक

म्हापशेकर, बैठक गेली याचं खरंच वाईट वाटलं. आजोबांचं वाचून तर फार. पण तुमच्या शेवटच्या ओळीशी माझा पुरा विरोध आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या केरीची, शास्त्रीय गायिका केसरबाईंच्या गावची. केसरबाई केरकर रेकॉर्डिंगच्या बाबतीत किती हात राखून होत्या हे जाणकार सांगतात. मागे राहिलेल्या तबकड्या मोजक्या, त्याही तीनेक मिनिटांच्या. मैफलीतल्या केसरबाई ज्यांनी ऐकल्या त्यांच्याबरोबरच गेल्या. तरी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत भारताचं म्हणून एकच गाणं गेलं, ते त्यांच्या भैरवीचं. ते कसं गेलं? रॉबर्ट ब्राउन नावाच्या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने हीच घ्या म्हणून सुचवलं. ती जुनी तबकडी तेव्हा बाजारात मिळतसुद्धा नव्हती, शोधून काढावी लागली. एका श्रोत्याने आग्रह धरला म्हणून आमच्या गावचा आवाज सूर्यमालेपलीकडे पोचला. त्याने 'हे थोड्यांपुरतंच' म्हटलं असतं तर?

मला स्वतःला त्या तीन मिनिटांनी शास्त्रीय संगीताकडे नेलं. मी त्यांच्या एकाही मैफलीला असणं शक्य नव्हतं. जे तिथे नव्हते त्यांचाही गाण्यावर हक्क असतो, असं मी मनापासून मानते.

आणखी एक. इंडी म्हटलं की गिटार आणि इंग्रजी, असं कृपया धरू नका. आमच्याकडे चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट आरतीची पथकं घरोघर फिरतात. त्यांचे ठेके, चाली, मध्येच घेतलेली उठावणी, कितीतरी गोष्टी पोरांनी स्वतः बांधलेल्या असतात, कुठलीही कंपनी मागे नसते. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यावर वाजवणाऱ्यांनी बकरीच्या कातड्यावर तोच नाद आणायला किती खटाटोप केला! २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पण त्या पथकांची रेकॉर्डिंग मागितली तर मिळते ती पेन ड्राइव्हवर, बिननावाची. इथेही पाटोची श्रोती म्हणते तोच प्रश्न आहे. मी गेल्या चवथीला आमच्या वाड्यावरच्या पथकाची सात रेकॉर्डिंग केली आणि प्रत्येक फाइलला पथकाचं, घुमट आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्यांचं, वाड्याचं नाव देऊन टॅगसुद्धा भरले. एका संध्याकाळचं काम. फाइल पाठवायची तर निदान एवढं करून पाठवा.

पाटोची श्रोती

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

सत्तरीकर, 'विकत घेतल्याशिवाय सुचवू नका' हे वाक्य मी मागे घेते. शाळेतल्या पोराला ते लागू होत नाही, आणि पेपालचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी कार्डं हातात घेऊन पैसे दिले म्हणून मला ते सोपं वाटलं. ज्याला परवडतं त्याने घ्यावं, ज्याला नाही त्याने ऐकावं आणि नाव लक्षात ठेवावं.

पण फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगवर मी ठाम आहे. कलाकाराने स्वतः दिलेली फाइल वेगळी आणि आपण अंगणात बसून चोरलेला आवाज वेगळा. त्या गाण्याचे शब्द ती अजून बदलतेय, तिने मला स्वतः सांगितलं. कच्चं गाणं तिच्या नकळत गावभर गेलं. उद्या पक्कं येईल तेव्हा लोक म्हणतील, हे तर ऐकलंय.

म्हापशेकर, जागेचा पत्ता आणि गाण्याचा पत्ता यांत फरक करूया. अंगण कुठे आहे ते मीसुद्धा कधी लिहीत नाही. गायिका कुठे सापडेल ते मात्र लिहायलाच हवं.

मडगावचा बेसवाला

फोनवरच्या रेकॉर्डिंगबद्दल शंभर टक्के. आमच्या एका गाण्याची सुरुवातीची चाल अशीच बाहेर गेली, अजून आम्हाला तीच वाजवा म्हणतात. आम्ही ती सोडून वर्ष झालं.

सत्तरीकर

मग वाजवणाऱ्यांनीच एक करावं. स्वतः नीट केलेली फाइल द्यावी आणि सोबत यूपीआयचा क्यूआर. आम्ही फाइल फिरवू, ज्याला आवडेल तो दहा-वीस रुपये टाकेल. अमेरिकेला वळसा कशाला?

मडगावचा बेसवाला

भाऊ, हे आम्ही केलंय. पहिल्या माणसाकडून फाइल आणि क्यूआर दोन्ही पुढे जातात. तिसऱ्याकडे पोचेपर्यंत क्यूआर मागे राहतो, फाइल एकटी पुढे जाते. एका महिन्यात ३४० रुपये आले, त्यातले २०० माझ्या आतेभावाचे. तरीही पुन्हा करून बघायला तयार आहे. या वेळी गाण्याच्या सुरुवातीलाच आवाजात नाव सांगतो, "आम्ही अमुक, मडगावहून." ते कापायला तरी कुणाला उठून बसावं लागेल.

म्हापशेकर

हे नाव बोलून सांगायचं आवडलं. जुन्या तबकड्यांवर गायिका शेवटी आपलं नाव सांगायच्या, तसंच. माझं मत बदललेलं नाही, पण डिचोलीच्या मुलीचं नाव मला निरोपात कळवा. एकटाच ऐकीन.

केरीची लेक

आमच्या पथकाच्या पुढच्या रेकॉर्डिंगला मीही हेच करणार. आरतीआधी वाड्याचं आणि वाजवणाऱ्यांची नावं.

पाटोची श्रोती

तिच्याशी आत्ताच बोलले. नाव द्यायला हरकत नाही म्हणाली, म्हापशेकर, निरोप पाहा. त्या खोक्यातली उरलेली २६ कार्डं मी तिच्याकडून विकायला घेतली होती, आता ११ आहेत. सत्तरीकर, एक बाजूला ठेवू का? उद्या सकाळच्या वाळपई बसच्या कंडक्टरकडे पाकीट देते.

सत्तरीकर

दोन ठेवा. ३०० रुपये आत्ता पाठवले, तिलाच पोचवा. कोड टाकून गाणी वाळपईत उतरवून घेतो. भाच्याला मात्र फाइलच देणार, तिचं पूर्ण नाव लिहून.