पिल्लापेक्षा मोठा कुत्रा बरा
पत्नीच्या निधनानंतर सोबतीसाठी निवारागृहातून पिल्लू आणावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चार-पाच वर्षांचा गावठी कुत्रा आणावा, कारण त्याचा स्वभाव ठरलेला असतो आणि चपला कुरतडण्याचे वयही सरलेले असते. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात बसून राहील, कदाचित नीट खाणारही नाही; त्याला सारखे बोलावू नये, जवळ वर्तमानपत्र वाचत बसावे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, म्हणून फिरणे पहाटेच उरकावे. सिद्धेश्वर तलावाकडची पहाट मला तरी त्याच निमित्ताने पुन्हा दिसू लागली. रेबीजची लस चुकवू नये. आणि हो, आपली शेंगाची चटणी त्याला मुळीच देऊ नये, लसूण कुत्र्यांना बाधतो.