सी-५०२चा कॉम्प्युटर आणि जनरेटर

मानसी (सी-५०२): काल रात्री लाइट गेली, जनरेटर लागला आणि तेव्हापासून ओमच्या कॉम्प्युटरवर हिरवे-जांभळे ठिपके येताहेत. मधेच स्क्रीन काळी होते. फोटो टाकलाय. नुकसानभरपाई कोण देणार, तेवढं कमिटीने सांगावं.

भिडे काका (ए-१०१): सी विंगचं अर्थिंग. एजीएममध्ये बोललो होतो. मिनिट्स काढून बघा.

सावंत, सेक्रेटरी: नमस्कार मानसीताई. अर्थिंगची तपासणी झालेली आहे, रिपोर्ट नोटीस बोर्डवर आहे. अन्य कोणत्याही फ्लॅटमधून तक्रार नाही. कृपया सहकार्य करावे 🙏

पाटील (सी-४०१): रिपोर्ट आहे, पण त्यावर झुंबा क्लासचा कागद चिकटवलाय.

निखिल (बी-३०३): ताई, भरपाईचं नंतर बघू. फोटो नको, स्क्रीनशॉट टाका.

मानसी: फरक काय? ठिपके दिसतायत ना फोटोत?

निखिल: फोटो मॉनिटरचा असतो, स्क्रीनशॉट कॉम्प्युटरच्या आतून निघतो. केबल किंवा मॉनिटर बिघडला असेल तर स्क्रीनशॉट माझ्या मोबाइलवर स्वच्छ दिसेल. त्यातही ठिपके असतील तर भानगड आत आहे.

शैला काकू (ए-२०४): आमच्या टीव्हीत पालीने अंडी घातली होती. तेव्हाही असंच झालेलं.

मानसी: टाकला. त्यातही आहेत.

निखिल: मग केबल-मॉनिटर सुटले. ग्राफिक्स कार्ड कुठलं? म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं.

मानसी: ओम सांगतोय, जीटीएक्स १०६०, प्रोसेसर आय-५ ९४००एफ. डिस्प्ले ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद पडून परत चालू झाला, असा मेसेज येतो म्हणे. ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, तरी तेच.

निखिल: त्या मेसेजवर जाऊ नका. कार्डाने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर परत चालू करतं आणि तशी नोंद करतं. उत्तर का दिलं नाही, ते त्यात नसतं. ओम, मशीन चालू करताना कंपनीचा लोगो येतो ना, तिथे बघ ठिपके आहेत का. तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो, म्हणजे तिथेही ठिपके असतील तर दोष ड्रायव्हरचा नाही.

भिडे काका: अर्थिंग तपासा. बाकी सगळं मागाहून.

पाटील: जनरेटरचा विषय निघालाच आहे तर त्याच्यासमोर पांढरी गाडी कोणाची असते, तेही कळू द्या. मेकॅनिकला आत शिरता येत नाही.

भिडे काका: पाहुण्यांची आहे.

पाटील: पाहुणे गणपतीपासून आहेत.

सावंत, सेक्रेटरी: कृपया एका वेळी एक विषय.

मानसी: लोगोवरही ठिपके आहेत. आणि आता कार्ड काढलं तर स्क्रीनवर काहीच येत नाही! मदरबोर्डपण गेला वाटतं!!

निखिल: कार्ड काढायला कोणी सांगितलं?

मानसी: शैला काकूंनी.

शैला काकू: मी धूळ पूस म्हटलं गं फक्त.

निखिल: बोर्डाला काही झालेलं नाही. ९४००च्या पुढे एफ आहे, म्हणजे त्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही. मागे एचडीएमआयचं भोक असलं तरी कार्डाशिवाय तिथून काही येणार नाही. काढलंच आहे तर कार्डाच्या सोनेरी पट्टीवरून खोडरबर हलकेच फिरव, भुकटी झटक आणि परत बसव. खटका लागला पाहिजे. ६ पिनांची वायरही नीट खोचलेली बघ. ते कार्ड १२० वॅट घेतं, स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५च मिळतात.

मानसी: केलं. तसंच आहे. एक पंखाही फिरत नाही.

निखिल: हलक्या कामाला कित्येक कार्डांचे पंखे मुद्दाम थांबवलेले असतात. त्यावरून काही ठरत नाही.

शैला काकू: यूट्यूबवर एकाने कार्ड ओव्हनमध्ये ठेवलंय. चालू झालं म्हणतो. माझा ओव्हन घेऊन जा हवा तर.

निखिल: काकू, झालं तरी चार दिवस चालतं. त्या ओव्हनमध्ये नंतर नानकटाई करायची आहे ना?

पाटील: कार्डाची चव बरी लागेल 😄

शैला काकू: दिवाळीत डबा परत मागितला होतात, विसरलात वाटतं.

निखिल: ओम, कार्ड घेऊन वर ये. माझ्या मशीनला लावून बघू. तिथे ठिपके आले तर कार्ड गेलं. नाही आले तर तुमचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) आणि बोर्ड बघावा लागेल. तोवर नवीन काही विकत घेऊ नका. दुकानदार आधी एसएमपीएस गळ्यात मारेल.

भिडे काका: अर्थिंगचं काय झालं?

निखिल: माझ्याकडेही लोगोपासूनच ठिपके. माझं कार्ड ओमच्या मशीनला लावलं, अर्धा तास गेम चालवला, एकदम स्वच्छ. म्हणजे त्याचं कार्डच गेलंय, बहुतेक मेमरी. एसएमपीएस, बोर्ड ठणठणीत.

भिडे काका: पण गेलं कशामुळे?

निखिल: ते छातीठोकपणे नाही सांगता येणार. मॉडेल २०१६ सालचं आहे, वयानेही जाऊ शकतं.

पाटील: आमचे चिरंजीव म्हणतात, ओमला गेममध्ये दसऱ्यापासूनच ठिपके दिसत होते.

मानसी: ओमशी मी बोलते. तुमचे चिरंजीव रात्री एक वाजता ऑनलाइन असतात, हेही कळलं या निमित्ताने.

सावंत, सेक्रेटरी: म्हणजे भरपाईचा विषय संपला असे समजतो 🙏

मानसी: जनरेटर लागताना झटका बसतो, तो विषय संपलेला नाही. निखिल, दहावीपुरतं स्वस्तातलं काही?

निखिल: जीटी ७१० चालेल. वेगळी पॉवर वायर लागत नाही, अभ्यासाला पुष्कळ. गेम विसरा.

मानसी: तेच घेऊ.

ओम (आईच्या फोनवरून): दादा प्लीज असं नको ना सांगू

पाटील: माझ्या भावाकडे चांगलं कार्ड आहे, वापरलेलं. बॉक्स, बिल सगळं आहे.

निखिल: मायनिंगचं, म्हणजे क्रिप्टो चलन कमवायला वापरलेलं, नाही ना? सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तशी कार्डं बाजारात आली. वाईटच असतात असं नाही, पण रात्रंदिवस चाललेली असतात. पैसे द्यायच्या आधी आपल्या मशीनवर लोड देऊन, तापमान बघूनच घ्या.

पाटील: भाऊ शिक्षक आहे माझा.

सावंत, सेक्रेटरी: खरेदी-विक्रीसाठी वेगळा ग्रुप आहे.

भिडे काका: त्यात मला अजून ॲड केलेलं नाही.