शेल्टरमधल्या कुत्र्यांचे शीचे रिपोर्ट निगेटिव्ह येतायत पण जंत तर डोळ्यांना दिसतायत, काय चुकतंय?

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री)

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ एका छोट्या शेल्टरमध्ये मी सुट्टीच्या दिवशी काम करते, सध्या ३८ कुत्री आहेत, त्यात ११ पिल्लं. पाऊस सुरू झाल्यापासून निम्म्यांना तरी पातळ शी होतेय, काहींना आव पडते, दोघांच्या शीत रक्त दिसलं. गेल्या आठवड्यात एका कुत्रीची तेरा दिवसांची तीन पिल्लं दोन दिवसांत गेली हो. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि शी डांबरासारखी काळी. अजून डोळ्यासमोरून जात नाही ते.

शनिवारी संध्याकाळी मी सहा डब्या भरल्या, त्यात एका मेलेल्या पिल्लाची पण होती. रविवारी लॅब बंद म्हणून सोमवारी दुपारी दिल्या (माणसांचीच लॅब आहे, जवळ दुसरी नाही). सहाच्या सहा रिपोर्टवर तेच, अंडी किंवा सिस्ट (कवचात दडलेले सूक्ष्म परजीवी) आढळले नाहीत. आणि त्यातल्याच एका कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी वळवळताना मी स्वतः पाहिलंय!

आता ट्रस्टी म्हणतात रिपोर्ट निगेटिव्ह आहे तर सगळ्यांना औषध देण्याचा खर्च कशाला. मला काय उत्तर द्यावं कळत नाही. तपासणी चुकली की मी सॅम्पल चुकीचं घेतलं? आणि आम्ही स्वतः मायक्रोस्कोप घेतला तर जमेल का, की ते आपलं काम नाही?

स्लाइडवाला (मंगळवार, रात्री)

ताई, मी १९ वर्षं जनावरांच्या लॅबमध्ये शीच्याच स्लाइड बघतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे शनिवार ते सोमवार. हुकवर्म म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत, त्याची अंडी आपल्याकडच्या उकाड्यात २४ ते ४८ तासांत फुटतात आणि त्यातून अळी बाहेर येते, म्हणजे सोमवारी दुपारी तिथे अंडं शिल्लकच नसणार, आणि माणसांच्या लॅबमध्ये ती अळी कुणी शोधत बसत नाही. सॅम्पल सकाळी ताजं घ्यायचं आणि त्याच दिवशी पोचवायचं, नाहीच जमलं तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचं, फ्रीझरमध्ये अजिबात नाही.

दुसरं, शी जमिनीवरून खरवडून घेतली का? मातीत आपल्या आपण जगणारे बारीक जंत असतात, ते डबीत आले की बघणारा गोंधळतो. वरचा, मातीला न लागलेला भाग घ्यायचा, अंगठ्याच्या पेराएवढा, ४-५ ग्रॅम. आणि डबीवर कुत्र्याचं नाव, तारीख, वेळ.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. त्यांनी बहुतेक नुसता डायरेक्ट स्मिअर केला असणार, म्हणजे काडीच्या टोकावर येईल एवढी शी, दोन मिलिग्रॅम असेल नसेल, ती स्लाइडवर पसरून बघायची. त्यात अंडं सापडलं तर नशीब. खरी तपासणी फ्लोटेशनची. तुमच्या घरी कुणी भात लावत असेल तर लगेच समजेल, पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात तेव्हा पोचट दाणे वर येतात आणि भरलेले खाली बसतात ना, तसंच आहे हे. फक्त बियाण्याला ३ टक्के मीठ पुरतं, इथे पाणी मीठ घ्यायचं थांबेपर्यंत टाकत राहायचं, लिटरला साधारण ४०० ग्रॅम, तळाशी थोडं मीठ न विरघळता राहिलं पाहिजे. अंडी त्या पाण्यापेक्षा हलकी, ती वर येतात, बाकीचा गाळ खाली.

करायचं असं की ३-४ ग्रॅम शी ४०-५० मिली मिठाच्या पाण्यात कालवा, चहाच्या गाळणीने गाळा (ती गाळणी कायमची वेगळी ठेवा), बारीक नळीत काठोकाठ भरा, पाणी किंचित फुगून वर आलं पाहिजे, त्यावर कव्हरस्लिप (स्लाइडवर झाकायची पातळ काच) ठेवा आणि १५-२० मिनिटांनी सरळ वर उचलून स्लाइडवर. जास्त वेळ ठेवलं तर मिठाचे खडे होतात आणि अंडी वेडीवाकडी होतात. १० च्या लेन्सखाली हुकवर्मचं अंडं लांबट गोल, पातळ कवचाचं, आत पेशींचा झुबका. गोल जंताचं (टॉक्सोकारा) जाड कवचाचं, गडद, वरून खडबडीत. चाबूककृमीचं दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखं. एकदा कुणी शेजारी बसून दाखवलं की विसरत नाही माणूस.

सेंट्रीफ्यूजवर (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) फिरवून केलं तर नुसतं ठेवून देण्यापेक्षा खूप जास्त सापडतं, खास करून चाबूककृमी, कारण ती अंडी जड असतात. त्यासाठी साखरेचा पाक बरा, ३५५ मिली पाण्यात ४५४ ग्रॅम साखर. मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्या, ५ मिनिटं. त्या लॅबकडे सेंट्रीफ्यूज असणारच, लघवीच्या तपासणीला लागतो, पाक तुम्ही करून नेलात आणि नीट समजावलंत तर करतीलही. तेव्हा मायक्रोस्कोप घ्या हो जरूर, काही कठीण नाही. पहिले दोन महिने प्रत्येक स्लाइडचा फोटो कुणा जाणकाराला दाखवत चला. शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज तुम्हाला जवळ आहे, तिथे परजीवीशास्त्र विभागात जाऊन विचारा.

डॉ_गोठा (बुधवार, सकाळी)

वरचं सगळं बरोबर. मी त्या पिल्लांबद्दल बोलतो कारण तिथे कितीही चांगली तपासणी केली असती तरी रिपोर्ट निगेटिव्हच आला असता.

हुकवर्मच्या अळ्या आईच्या शरीरात दडून असतात आणि दुधातून पिल्लांत जातात. आतड्याला चिकटून त्या रक्त प्यायला लागतात, पण त्यांची अंडी शीत दिसायला साधारण सोळावा दिवस उजाडतो. तेराव्या दिवशी पिल्लू रक्त जाऊन मरू शकतं आणि शीत एक अंडं सापडत नाही. म्हणून एवढ्या लहान पिल्लांच्या बाबतीत रिपोर्टची वाट बघायची नसते. हिरड्या पांढऱ्या आणि शी काळी दिसली की त्याच तासाला डॉक्टर, कारण नुसतं जंताचं औषध पुरत नाही, रक्त द्यावं लागू शकतं. बाकीच्यांना दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांचे होईपर्यंत, औषध द्यायचंच, तपासणी होवो न होवो. हे ट्रस्टींना माझ्या नावाने सांगा.

तांदळाच्या दाण्यासारखं जे दिसलं तो टेपवर्म, डिपायलिडियम. त्याचे तुकडेच्या तुकडे बाहेर पडतात, अंडी शीत मिसळत नाहीत, म्हणून फ्लोटेशनमध्येही तो बहुधा निसटतो. तिथे तुमचे डोळे हीच तपासणी. खात्री करायची तर तो दाणा पाण्याच्या थेंबात दोन स्लाइडमध्ये दाबून बघा, अंड्यांची गाठोडी दिसतात. औषध प्राझिक्वांटेल, पण तो येतो पिसवांतून, चावता चावता कुत्रं पीसू गिळतं. पिसवा राहिल्या तर तीन आठवड्यांत दाणे परत हजर.

दोन सावधगिऱ्या. पांढऱ्या हिरड्या म्हणजे दरवेळी जंतच असं नाही, गोचिडांमुळे होणारा बॅबेसिया किंवा एर्लिकिया पण असतो, त्याला रक्त तपासावं लागतं. आणि उलट्या व रक्ती जुलाब एकत्र असले तर आधी पार्व्होची (पिल्लांना होणारा विषाणूचा आजार) किट टेस्ट आणि ते पिल्लू लगेच वेगळं. मेंढ्यांचे कळप जवळून जात असतील तर आणखी एक, कुत्री लेंड्या खातात आणि मग त्यांच्या शीत मेंढीचे कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) दिसतात. ते कुत्र्याला काही करत नाहीत, उगाच उपचार नको.

कृष्णाकाठ (बुधवार, दुपारी)

डॉक्टर, दादा, किती आभार मानू! सॅम्पल मी मातीवरूनच खरवडलं होतं, आणि दोन डब्यांत तर दोन-दोन कुत्र्यांची शी एकत्र होती, नाव कुणाचं लिहायचं म्हणून नंबर टाकला होता. एक राहिलं, ज्या दोघांना आव पडते त्यांना महिन्यापूर्वी जंताची गोळी दिलीये, चार दिवस बरं असतात आणि परत तेच. का होत असेल?

दूरची_चिमणी (बुधवार, रात्री)

मी फ्लोरिडात व्हेट टेक आहे, मूळची कोल्हापूरची. चार दिवस बरं आणि परत तेच म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं जिआर्डिया येतं, म्हणजे आतड्यातला एकपेशी परजीवी. तो रोज शीतून बाहेर पडत नाही म्हणून एका सॅम्पलवर विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच दिवसांत तीन घ्या. आणि मिठाच्या किंवा साखरेच्या पाण्यात त्याच्या सिस्ट चिंबून जातात, त्याला झिंक सल्फेटचं १.१८ घनतेचं (पाण्याच्या १.१८ पट जड) द्रावण लागतं. अगदी ताजी, अर्ध्या तासाच्या आतली शी सलाइनच्या थेंबात ४० च्या लेन्सखाली बघितली तर जिवंत जिआर्डिया झाडावरून पान गळताना गिरक्या घेतं तसा हलताना दिसतो. शीत जिआर्डियाचे अंश ओळखणारे अँटिजेन किट पण मिळतात, परवडलं तर निदान या दोघांसाठी घ्या.

आणि औषध दिल्यावर १० ते १४ दिवसांनी परत शी तपासा, प्लीज हे टाळू नका. इथे रेसमधून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांत असे हुकवर्म सापडलेत ज्यांच्यावर नेहमीची औषधं चालतच नाहीत, २०१९ मध्ये त्यावर पेपरही आला. औषध देऊन मोकळं झालं की ते लागू पडलं का हे कुणालाच कळत नाही, शेल्टरमध्ये तर तेच आधी कळायला हवं.

चिखलपाय (गुरुवार, सकाळी)

शी रोजच्या रोज उचला, पावसात तर दिवसातून दोनदा, कारण ओल्या मातीत आठवड्याभरात अळी परत चिकटायला तयार होते. आणि अनवाणी किंवा चपलेवर फिरू नका. माझ्या पायावर हुकवर्मच्या अळीने नागमोडी लाल रेघ काढली होती, रात्र रात्र खाज. गमबूट घाला, मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका.

कृष्णाकाठ (पुढच्या बुधवारी, रात्री)

परत आले. नवी सॅम्पलं घेतली, यावेळी प्रत्येकाची वेगळी डबी, सकाळी सातला भरून अकराला शिरवळला. नऊपैकी पाचांत हुकवर्म, एका पिल्लात टॉक्सोकारा, आणि त्या आववाल्या दोघांपैकी एकात तिसऱ्या सॅम्पलला जिआर्डिया सापडला! पहिल्या दोन्हींत नव्हता. तिथल्या मॅडमनी मला लेन्सखाली हुकवर्मचं अंडं दाखवलं, मी फोटो काढून ट्रस्टींना पाठवला, त्यांनी संध्याकाळीच सगळ्यांच्या औषधाला आणि पिसवांच्या औषधाला हो म्हटलं. ती पिल्लं गेलेली कुत्री पण पॉझिटिव्ह आहे. डॉक्टर म्हणाले पुढे कुठलीही गाभण कुत्री आली तर तिला चाळिसाव्या दिवसापासून व्यायल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रोज फेनबेंडाझोल (जंताचं औषध), आणि हिची आधी नसबंदी. औषध सोमवारी सुरू केलंय, १४ व्या दिवशी परत डब्या भरायच्या म्हणून भिंतीवर तारीख लिहून ठेवलीये.