कॉलबॅक हुकला मराठीत काय म्हणायचं?

जळगावचा मास्तर:
ज्युनिअर पोरांसाठी रुबी या प्रोग्रामिंग भाषेच्या नोट्स मराठीत लिहितोय. ऑब्जेक्टला मॉड्यूल (म्हणजे मेथडींचा, कामाच्या कोडच्या तुकड्यांचा, गठ्ठा) एक्स्टेंड केलं, म्हणजे जोडलं, की त्या मॉड्यूलवरची 'एक्स्टेंडेड' मेथड आपोआप चालते आणि तो ऑब्जेक्टच तिच्या हातात येतो, हा झाला कॉलबॅक हुक. हुकला मी 'आकडा' लिहिलं तर रूममेट म्हणे आकडा म्हणजे नंबर, पोरं गोंधळतील. मग काय लिहू?

धुळ्याचा भो:
आकडा म्हटलं की आधी तारेवर टाकलेलाच आठवतो भो, रात्री टाकायचा न् लाईनमन यायच्या आत काढायचा. चालू लाईनीला आपलं काहीतरी अडकवायचं, अर्थ बरोबर बसतो की!

भुसावळ जंक्शन:
नाही बसत. आकडा चोरीचा असतो. इथे ती मेथड रुबीतच आधीपासून असते, फक्त रिकामी, आपण आत काय ते लिहायचं. ही तर मीटरसकट जोडणी झाली.

शुद्धमराठी:
'प्रत्याह्वान' हा नेमका शब्द असताना हा खेळ कशाला? आणि आकडा नंबरचा काय, लोखंडाचा काय, दोन्ही 'अंक'वरूनच आलेत. संस्कृतात अंक म्हणजे वाकडी वस्तूसुद्धा. अंकुशही त्याच घरचा.

धुळ्याचा भो:
प्रत्याह्वान लिहा म्हणजे पोरं रुबी सोडून बँकेच्या परीक्षेला बसतील.

जळगावचा मास्तर:
अहो, पोरं अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. असेच आणखी हुक आहेत: 'इन्क्लुडेड'ला मॉड्यूल घेणारा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) मिळतो, 'एक्स्टेंडेड'ला ऑब्जेक्ट, आणि 'इन्हेरिटेड' लिहायचं वरच्या क्लासवर पण हातात येतो खालचा. त्यात २०१३ला रुबी २.० मध्ये 'प्रिपेंडेड' हा आणखी एक हुक आला. पोरं विचारतात, सर, आपण तर ही मेथड कुठेच कॉल केली नाही, मग चालली कशी?

भुसावळ जंक्शन:
हाक रुबी मारते, तुमची मेथड ओ देते. सरळ 'ओ' म्हणा त्याला.

धुळ्याचा भो:
ओ लिहिलं तर शून्य वाचतील.

चोपड्याची ताई:
हुकच ठेवा ना, माझी आजीसुद्धा ब्लाऊजचं हुकच म्हणायची, तिने कुठे कोश पाहिला होता?

शुद्धमराठी:
ब्लाऊजचा हुक. पुल्लिंगी आहे.

चोपड्याची ताई:
आमच्याकडे हुक तुटलं असंच म्हणतात.

धुळ्याचा भो:
मास्तर, नोट्समध्ये 'तो हुक' की 'ते हुक', आधी ते ठरवा.